ऐंशी किलोमीटरनंतर काय?

भामरागडच्या डॉक्टर कोत्तावारबाईंना आपल्या छोट्या गाडीचे रनफ्लॅट टायर काढून साधे बसवायचे होते, आणि नागपूरच्या शोरूमचे मॅनेजर देवस्थळे ऐकायलाच तयार नव्हते. शोरूमच्या दारात उभ्या गाडीच्या पुढच्या सीटवर बाईंची औषधांची पेटी होती, म्हणून त्यांचे यजमान मनोहरराव नेहमीसारखे मागे बसून ऐकत होते.

"मॅडम, हवा पार गेली तरी आमचा टायर ऐंशी किलोमीटर धावतो! साध्याला जमेल?" देवस्थळ्यांनी चारचौघांत विचारलं.

"नाही जमणार. पण आमच्याकडे तुमचा टायर फाटला, तर नवा कुठे मिळेल?"

"फक्त इथेच!" देवस्थळे ऐटीत म्हणाले.

"भामरागड इथून तीनशे किलोमीटरच्या पुढे. पहिले ऐंशी तुमचा टायर नेईल. उरलेलं जंगल ओलांडायला गाडी ढकलत तुम्ही येणार? बाळंतीण तिकडे वाट बघत असते. साधा टायर आमच्या नाक्यावरही मिळतो."

देवस्थळ्यांचा चेहरा पडला. तरी ते म्हणाले, "पण या गाडीत स्टेपनीला जागाच नाही!"

मनोहरराव थक्क होऊन बायकोकडे बघत होते. ते लगबगीनं एका बाजूला सरकले.

"इथे ठेवा," ते अभिमानानं म्हणाले. "हिच्या गाडीत कामाच्या वस्तू आधी बसतात, मी नंतर."