खारीचं टेबल

जनावरं नुकतीच कचेरीत बसायला लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. तुरतुरी नावाची खार तिथं पळसाच्या पानांवर जंगलाच्या सूचना लिहायची. एका सकाळी लिहिता लिहिता तिची मान कट्‌कन वाजली. त्या आवाजानं ती स्वतःच दचकली. मान धरली तर लिहिणं थांबणार आणि काम पोपटाकडे जाणार, हे तिला ठाऊक होतं.

कचेरीत एक रीत होती. वडीलधाऱ्यांनी दिलेला सल्ला नाकारायचा नाही.

उंटमामा म्हणाले, "टेबल उंच कर गं. वाकतेस कशाला?" तिनं टेबलाखाली विटा रचल्या.

कासवकाका म्हणाले, "बैठक जमिनीलगत बरी. पडलं तरी लागत नाही." तिनं स्टुलाचे पाय कापले.

बगळेआजोबा म्हणाले, "एक पाय पोटाशी घे. माझा जन्म गेला असा. काही झालंय का मला?" तिनं पाय पोटाशी घेतला.

आता टेबल तिच्या डोक्यावर छपरासारखं आलं. पान दिसेना. तिनं अंदाजानं हात वर केला, तर दौत कलंडून शाई अंगावर आली.

"कुणी आहे का?" ती ओरडली.

"मान ताण!" मामा म्हणाले. "मान आत घे!" काका म्हणाले. आजोबा डोळे मिटून उभे होते.

"अहो, कुणी आहे का?"

कोपऱ्यातून अधू डोळ्यांची चिचुंदरीमावशी चाचपडत आली.

"आहे गं. मला काही दिसत नाही, तूच सांग. बसलीस की तुझे पाय कुठवर पोचतात?"