काळ्या पोतीची साक्ष

श्रावणभर कुणाचा मत्सर करायचा नाही, असा यमूताईंनी देवीपुढे नेम धरला होता. पण वॉर्डाच्या सभेत बंगल्यातल्या इंदुमतीबाई चार तोळ्यांचं मंगळसूत्र मिरवत आल्या आणि यमूताईंचा जीव जळला. बाईंच्या कॉलनीत रोज पोलिसांची गस्त. यमूताईंच्या कुंभारगल्लीत मात्र कुणी फिरकत नसे. सभेला आलेल्या इन्स्पेक्टरांकडे त्यांनी गल्लीसाठीही गस्त मागितली.

"तुमच्या गल्लीत वर्षभरात एकही मंगळसूत्र चोरीला गेलेलं नाही. मग गस्त हवी कशाला, ताई?" इन्स्पेक्टर ऐटीत म्हणाले.

"साहेब, आमचे गळे बघा," यमूताई उठून म्हणाल्या. गल्लीतल्या साऱ्या बायांनी पदर सारले. सगळ्यांच्या गळ्यात नुसती काळी पोत. "सोनं भीतीनं कपाटात ठेवलंय. चोरानं न्यायचं तरी काय?"

साहेबांनी कुंभारगल्लीतही गस्त सुरू केली.

बायांनो, मत्सर वाटलाच, तर मनात कुढू नका. तुम्हीही अशाच सभेत उठून बोला.