डोंगरावरच्या गोधड्या

फार जुन्या काळी एका राज्यात एक दयाळू राणी होती. एकदा डोंगरावरच्या पाड्यांत रोग आला आणि सगळी मेंढरं मेली. लोकर संपली, माणसं थंडीने काकडू लागली. मग राणी दर हिवाळ्यात घरटी एक कापसाची गोधडी देऊ लागली.

तिचा एक नेम होता. गोधडी हातात पडण्याआधी घेणाऱ्याने ती कशी आहे ते सांगायचं, आणि खरंच सांगायचं. आता वाढायच्या आधीच स्वयंपाक कसा झालाय म्हणून विचारलं, तर भुकेला माणूस काय सांगणार? पण हे राणीला कोणी सुचवलं नाही.

एका पाड्यातल्या गोजरा म्हातारीने मात्र राणीचा शब्द खरा मानला. ती म्हणाली, "आमच्या घरात धुकं शिरतं. कापूस भिजला की चार दिवस वाळत न्हाई. त्यापरीस लोकर द्या. माग रिकामे पडल्यात, घोंगड्या आमी इणू."

राणीने तिचं कौतुक केलं आणि कारभाऱ्याला सगळं लिहून घ्यायला सांगितलं.

कारभारी दुष्ट नव्हता, हिशोबी होता. ज्यांना गोधडी उपयोगाची नाही त्यांना ती द्यायची कशाला, असा त्याने विचार केला. लोकर काही कोठारात नव्हती. पुढच्या हिवाळ्यात गोजराच्या पाड्याच्या गोधड्या पलीकडच्या पाड्याला गेल्या, कारण तिथल्या लोकांनी त्यांची तोंडभर स्तुती केली होती.

ओली का होईना, गोधडी होती. आता तीही गेली. त्या माघात गोजराची पाच वर्षांची नात कुडकुडत तिच्या मांडीवरच गेली. गोजराला कोणी दोष दिला नाही, पण तिच्या दारावरून जाताना लोक खाली बघून जात.

तिसऱ्या वर्षी राणी स्वतः डोंगर चढून आली. गोजरापुढे गोधडी धरून म्हणाली, "आजी, न भिता सांगा. कशी आहे?"

मागे सगळा पाडा लेकरं कडेवर घेऊन उभा होता.

"लई ऊबदार हाय, राणीसाहेब," गोजरा म्हणाली.

राणीचे डोळे भरून आले. तिने राज्यात इतरत्र होती नव्हती ती लोकरही परमुलखात विकायला लावली आणि त्या पैशांतून प्रत्येक डोंगरासाठी कापूस घेतला. त्या हिवाळ्यात धुक्याने भिजलेल्या गोधड्यांखाली पाड्यापाड्यांतून लेकरं गेली, आणि पाड्यापाड्यांतून राणीकडे स्तुतीच येत राहिली.

खरं सांगणाऱ्याचाच हात रिकामा राहत असेल, तर देणाऱ्याने कितीही मनापासून विचारलं तरी त्याला खरं ऐकायला मिळत नाही.