आपोलीनच्या खोट्या पेंढ्याची कहाणी

ऐका गे आयाबायांनो, गव्हाणीची कहाणी. मेणबत्ती पेटली, आता कुजबुज पुरे. खाडीकाठी एक गाव होतं, गावात चर्च होतं, चर्चमागं रेजीनबायचं घर होतं. रेजीनबाय म्हातारी, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. मुलगा बोटीवर कामाला, घरात ती आणि सून आपोलीन. मुलगी ब्रिजित खाडीपल्याड. तिनं सात वर्षांमागं परजातीत लग्न केलं, कोर्टात सही करून. म्हातारी म्हणाली, "माझा उंबरा चढू नकोस." ती चढली नाही. दोघी हट्टी, काय सांगायचं!

त्या घरी आगमनकाळाचं व्रत होतं. नाताळाआधी चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती लावावी. रिकामी गव्हाण मांडावी. दिवसा कुणाचं एक भलं करावं, संध्याकाळी गव्हाणीत पेंढ्याची एक काडी ठेवावी. म्हणजे नाताळला बाळ येशूला मऊ अंथरूण होतं. एका भल्याची एक काडी, जास्त नाही.

त्या साली आपोलीनचं मन विटलं होतं. पावसाळ्यात तिला मूल झालं, ते रडलंच नाही. तसंच नेऊन पुरलं. मग पहिला रविवार आला, मेणबत्ती लावताना तिचा हात थांबला. म्हणाली, "आई, हा देव गोठ्यात जन्मला नि जगला. माझं दवाखान्यात जन्मलं, ते का नाही जगलं? मला आता काही खरं वाटत नाही."

म्हातारीनं चाचपत तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नसू दे वाटत. मलाही कैकदा नाही वाटलं. तू काडीचं काम तेवढं सोडू नकोस. शेजारी पास्कू तापानं पडलाय, त्याला पेज नेऊन दे."

आपोलीनला राग आला. मी काळीज उघडं करते नि ही मला पेज सांगते! मग ती गेलीच नाही. संध्याकाळी सासूनं विचारलं, "पेज नेलीस?" "नेली." "काडी ठेवलीस?" "ठेवली." गव्हाण रिकामीच होती.

मग दुसरा रविवार आला. सासू म्हणाली, "पलीकडच्या घरच्या कार्मेलीनशी अबोला धरलास, तो सोड." संध्याकाळी विचारलं, "बोललीस?" "बोलले." "काडी ठेवलीस?" "ठेवली." कसलं बोलणं नि कसलं काय! दिवसभर मागच्या दारी बसून होती.

मग तिसरा रविवार आला, आनंदाच्या गुलाबी मेणबत्तीचा. तोवर म्हातारीला धाप लागायला लागली होती. तिनं सुनेचा पदर धरला. "पोरी, माझं काही खरं नाही. ब्रिजितला बोलाव. म्हणावं, दार मी लावलं, मीच उघडते. तुला तान्हं झालंय असं ऐकलं, त्यालाही घेऊन ये."

तान्हं म्हटल्याबरोबर आपोलीननं पदर सोडवून घेतला. ते घरात रडणार, हसणार, कुणीतरी आपल्या मांडीवर ठेवणार. तरी धक्क्यापर्यंत गेली बिचारी. होडी लागली, माणसं चढली, होडी सुटली. ही काठावर उभीच. मग घरी आली. "निरोप दिलास?" "दिला." "काय म्हणाली?" आपोलीन बोलून गेली, "येत नाही म्हणाली."

म्हातारी उठून बसली. मग म्हणाली, "माझी ब्रिजित असं म्हणायची नाही. पोरी, तू खरंच गेली होतीस ना? उद्या मला गव्हाणीपाशी ने, मी हात लावून बघते."

आता आली का पंचाईत! आपोलीन अंगणात गेली, पेंढ्याचा एक मोठा मुठा उपसला, गव्हाणीत कोंबला. सकाळी सासूला हाताला धरून नेलं. म्हातारीनं चाचपलं. "अगं बाई, केवढ्या काड्या! एवढं भलं केलंस तू, आणि मी मेली शंका घेत बसले. म्हणजे ब्रिजितच येत नाही म्हणायची." त्या घरात तेवढी एकच शंका खरी होती, ती पेंढ्यानं बुजवली. म्हातारी खाटेवर गेली, भिंतीकडे तोंड करून निजली. पुन्हा लेकीचं नाव काढलं नाही.

मग चौथा रविवार आला. चौथी मेणबत्ती लागली. बुधवारी सकाळी रेजीनबायनं डोळे मिटले.

चर्चची मरणाची घंटा खाडीपल्याड ऐकू गेली, मागोमाग बातमीही पोचली. पोर काखेत मारून ब्रिजित धावत आली, आईच्या पायांवर पडली. "सात वर्षं वाट पाहिली गं! एकदा बोलावलं असतंस तर!" जमलेल्या बाया म्हणाल्या, "अगं, बोलावलं होतं की, तूच नाही म्हणालीस."

गप्प राहिली असती तर आपोलीनचं निभावलं असतं. पण तिच्यानं राहवेना. भरल्या घरात ती मोठ्यानं म्हणाली, "मी गेलेच नाही. आईशी खोटं बोलले. तुझं तान्हं मला बघवलं नसतं." ब्रिजितनं माती दिली आणि पहिल्या होडीनं परत गेली. जाताना भावजयीकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग नाताळ आला. गाव चर्चमधल्या मिस्साहून घरी परतलं, घरोघरी केक कापले. आपोलीन धक्क्यावर गेली. होडी लागली, माणसं चढली, आपोलीनही चढली. ब्रिजितच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"आता काय उरलंय?" ब्रिजित म्हणाली.

"माफी मागायला नाही आले. निरोप राहिला होता. आई म्हणाली, दार मी लावलं, मीच उघडते."

ब्रिजित उंबऱ्यावर बसली. खूप रडली. "हे तेव्हा सांगितलं असतंस तर मी पोहत आले असते." आपोलीन म्हणाली, "हो." मग ब्रिजितनं डोळे पुसले. "आणखी काय काय म्हणाली? पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस." आणि आपोलीन पायरीवर बसून शेवटची होडी सुटेपर्यंत सांगत राहिली.

बायांनो, विश्वास डळमळला तर डळमळू द्या, त्यापायी कुणाचा निरोप अडवू नका. आपोलीनला उशिरा सुचलं, तुम्हांआम्हांला वेळेवर सुचो. जिची आई अजून आहे, तिनं आजची होडी पकडावी. कहाणी लांबलचक होती, थोडक्यात सांगितली, ऐकणाऱ्यांना फळो. आमेन.