थंड चुलींचा दिवस

फार फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची म्हणाल, तर तेव्हा राजे लोक भांडणाचं कारण विसरायचे, पण भांडण विसरायचे नाहीत. म्हणजे फारशी जुनी नाही, असंही कुणी म्हणेल. असो.

डोंगराच्या माथ्यावर एक लहानसं राज्य होतं. सातशे चुलींचं गाव, भोवती तट, तटाला एक वेस आणि खालून वर यायला एकच खिंड. राज्य लहान, पण माणसांचा ताठा मोठा. का नसावा? त्यांच्या राणीच्या पणजोबांच्या काळात मैदानातला बलाढ्य राजा पाच हजारांची फौज घेऊन चढून आला होता, आणि हात हलवत परत गेला होता. तिथलं पोर ही गोष्ट पाळण्यातच ऐकायचं.

त्या विजयाचा दिवस दरवर्षी साजरा होई. त्या दिवशी गावात एकही चूल पेटत नसे. कालच्या भाकऱ्या, दही आणि ठेचा. राणीच्या ताटातही तेच. चूल का पेटवायची नाही, असं विचारलं तर लोक म्हणत, "खिंडीत पडलेल्या वीरांचं सुतक." मग भर दरबारात बखर, म्हणजे राज्याचा लिहून ठेवलेला इतिहास, वाचली जाई. "आणि तीनशे वीर खिंडीत छाती काढून उभे राहिले," हे वाक्य आलं की झेंडूची फुलं उधळली जात, नगारे वाजत, म्हातारे डोळे पुसत. हा जल्लोष ओसरेपर्यंत जेवणाची वेळ होई आणि बखर मिटली जाई. पिढ्यानपिढ्या असंच चाललं होतं.

एके वर्षी बातमी आली, की त्या मैदानातल्या राजाचा पणतू फौज घेऊन निघाला आहे. माणसं पुन्हा पाच हजार. चार दिवसांत खिंडीशी पोहोचतील.

राणी तरुण होती. गादीवर येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. सेनापती मात्र केस पिकलेला माणूस. तो म्हणाला, "काळजी नसावी, राणीसाहेब. पणजोबामहाराजांनी जे केलं तेच आपण करू. तीनशे जण निवडलेत. माझे दोन्ही मुलगे त्यांत आहेत." हे सांगताना त्याचा ऊर भरून आला. खरं सांगायचं तर राणीचाही आला. तिने लगेच होकार दिला. त्या तीनशे जणांच्या घरी ओवाळण्याची तबकंही तयार झाली.

पण राणीला एक खोड होती. कुठलंही काम हाती घेतलं की ते आधी कुणी कसं केलं, हे ती विचारून घ्यायची. तिने बखरवाचकाला बोलावलं. "ते तीनशे जण खिंडीत कसे उभे होते, कुठे तिरंदाज होते, ते वाचून दाखवा."

बखरवाचकाने वाचलं. "आणि तीनशे वीर खिंडीत छाती काढून उभे राहिले." मग तो थांबला.

"पुढे?"

"पुढचं मी कधी वाचलेलं नाही, राणीसाहेब." तो ओशाळला. "माझ्या वडिलांनीही वाचलं नव्हतं. इथे फुलं पडतात."

झेंडूचा रस लागून पुढची पानं एकमेकांना चिकटली होती. राणीने नखाने ती हलकेच सोडवली आणि स्वतः वाचायला घेतली. "खिंड दुपारपर्यंत टिकली. तीनशेच्या तीनशे पडले."

 सेनापतीने निवडलेल्या तीनशे नावांची यादी मिटून ठेवली.

राणी पुढे वाचू लागली. त्या तीनशे जणांनी जीव देऊन अर्धा दिवस मिळवला होता. तेवढ्या वेळात गाव रिकामं झालं. सगळ्या चुली विझवल्या. गावावर धूर नाही हे पाहून शत्रूला वाटलं, लोक पळून गेले. तो उघड्या वेशीतून आत शिरला, शस्त्रं बाजूला ठेवून लुटीला लागला. मग कड्यामागे लपलेली माणसं, बायामुलींसकट, खाली आली. त्यांनी वेस बंद केली आणि आतल्यांना आतच गाठलं.

थंड चुलींचं कारण हे होतं. गाव दरवर्षी शिळी भाकरी खात होतं आणि आपण ती का खातोय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

सेनापती म्हणाला, "मग आपणही तसंच करू. चुली विझवू, त्यांना आत घेऊ आणि वेस लावू."

"ज्यांची माणसं त्या वेशीत मेली, ते हे विसरले असतील?" राणीने विचारलं.

याचं उत्तर बखरीत नव्हतं. पण राणीच्या मुदपाकखान्यात होतं. तिथे जात्यावर एक म्हातारी दळायची. पन्नास वर्षांपूर्वी ती मैदानातून लग्न होऊन वर आली होती. राणी स्वतः तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिने सगळं विचारलं.

"इसरतील कशापायी?" म्हातारी म्हणाली. "तुमी जितलासा, तुमी नगारे वाजिवलं. आमच्याकडं घराघरात रडारड झाली. बाया जात्यावर बसल्या की ती अजून वर येती." आणि दळता दळता तिने ओवी म्हटली:

गार दिसल्या गं चुली, धुरावाचून आभाळ
नको ओलांडू ती वेस, बाळा जिवाला सांभाळ

"तिकडं ही ओवी ऐकल्याबिगर कुनी पोर मोठं हुईत न्हाई," ती म्हणाली. "आन खिंडीचं म्हनाल, तर तुमची मानसं कुठं उभी ऱ्हात्यात ते आमची शेरडं राखनारी बी सांगतील. ह्या खेपेला ते खिंडीत शिरायच्या आधी कड्यावर चढतील."

 राणी म्हणाली, "आजी, तुमचं माहेर तिकडचं. मग हे मला का सांगता?"

"भावाची नातवंडं त्या फौजेत हायती, माझी ह्या तटावर. मला दोनी बाजूची पोरं जित्ती पायजेत. बगा तुमास्नी जमतंय का."

राणीने दुसऱ्या दिवशी दरबारात हुकूम दिला. खिंडीत कुणी जायचं नाही. सगळ्या चुली विझवा, वेस सताड उघडी ठेवा, शस्त्रं आणि धान्य घेऊन मागच्या कड्यावर चला. जाताना जात्यांत ताजं पीठ राहू द्या, म्हणजे माणसं जवळच आहेत हे शत्रूला कळेल.

"आणि ते आत शिरले तर?" सेनापतीने विचारलं. गाव त्याचंही होतं.

"तर उतरून लढू, तुमच्या मुलांबरोबर मीही असेन. पण दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. ते शिरतील असं मला वाटत नाही."

चौथ्या दिवशी फौज आली. खिंडीत कुणीच नाही हे पाहून तिथेच चपापली. वर आली, तर वेस उघडी आणि सातशे घरांवर धुराची एक रेघ नाही. चार धीट शिपाई उंबऱ्यापर्यंत गेले, जात्यातलं ताजं पीठ पाहिलं आणि उलट्या पावली परत आले. राजाने हुकूम सोडला, मग शिव्या दिल्या. पण पाच हजार माणसांच्या कानांत आपापली आई ओवी म्हणत होती. एकानेही पाऊल उचललं नाही.

गावाच्या धान्याच्या कणग्या लुटून खाऊ, या हिशेबाने ते शिधा थोडाच घेऊन आले होते. तीन दिवस ते वेशीसमोर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी पोटाने निकाल दिला आणि फौज उतरू लागली.

ती दिसेनाशी झाल्यावर सेनापती खिंडीवरच्या कड्यावर गेला. तिथे शत्रूने काठाकाठाने बैलाएवढे धोंडे रचून ठेवलेले होते, खाली लोटायला तयार. नेमके त्याच जागेच्या वर, जिथे त्याचे दोन मुलगे उभे राहणार होते. तो त्यातल्याच एका धोंड्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग गावात येऊन त्याने भर चौकात पागोटं काढून त्या दळणाऱ्या म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. सातशे चुली पेटल्या. गाव ताठ मानेने जेवायला बसलं, आणि त्या दिवशीचा ताठा अगदी खरा होता.

पुढच्या वर्षी थंड चुलींचा दिवस आला तेव्हा बखर शेवटच्या पानापर्यंत वाचली गेली. फुलं त्यानंतर. तीनशे वीरांना पहिल्यांदाच त्यांच्या खऱ्या कामाचा मान मिळाला. मग म्हातारीने मैदानातली ओवी म्हटली. शेवटी राणीने आपल्या हाताने बखरीत एक ओळ लिहिली: "पहिल्या दिवशी मीही खिंडीलाच होकार दिला होता."

सेनापतीने विचारलं, "पुढे कधी फौज आली, तर तेव्हाच्या राजानेही चुलीच विझवायच्या ना?"

"नाही," राणी म्हणाली. "तोवर मैदानात नवी ओवी झालेली असेल. त्याने आधी ती ऐकावी, मग आपली अक्कल चालवावी."

तात्पर्य: पूर्वजांच्या विजयावर फुलं उधळणारा नुसता मिरवतो; तो विजय कसा मिळाला आणि हरलेल्याने त्यातून काय लक्षात ठेवलं, हे जो जाणतो, तोच राज्य राखतो.