नगाऱ्याआधीचे शिंगरू

त्या राज्यात सर्व घोड्यांचा जन्मदिवस एकच होता: तीन मूळपुरुष वाळवंट ओलांडून ज्या दिवशी आले, तो. त्यांना येताना पाहिलेले कोणी नव्हते. वंशावळीत मात्र ते सर्वांआधी पोहोचल्याची नोंद होती, आणि आधी पोहोचणे हाच त्या वंशाचा गुण ठरला. छाती खोल, कातडी पातळ, पायांची नळी वेताच्या काठीएवढी. उभे असतानाही त्यांचा एक खूर जमीन उकरत असे.

दरवर्षी त्या दिवशी सूर्यास्ताला नगारा वाजला की प्रत्येक शिंगरू एक वर्षाचे धरले जाई, मग ते अकरा महिन्यांपूर्वी जन्मलेले असो की त्याच सकाळी. त्याचे दूध तोडून त्याला धावपट्टीवर नेत. नगाऱ्यानंतर जन्मलेल्याला मात्र पुरे वर्ष मिळे.

रेवणी नावाच्या घोडीचे पहिले शिंगरू नगाऱ्याच्या महिनाभर आधी जन्मले होते. थोराड सोबत्यांबरोबर धावताना तिसऱ्याच वळणावर त्याची नळी मोडली होती.

आज पुन्हा तोच दिवस होता. दुपारपासून तिला कळा येत होत्या आणि ती तबेल्यात फेऱ्या घालत होती.

"आडवी होऊ नको गं बाई," सुईणपण करणारी म्हातारी खेचरी, अर्धी घोडी अर्धी गाढवी, म्हणाली. "झालीस की आलंच."

"नगाऱ्याला अजून किती वेळ, मावशी?"

"ऊन भिंतीवर आहे. चाल."

"आतून लाथा मारतंय."

"मारणारच. तुमच्यातलं ना! पोटातसुद्धा दम धरवत नाही."

ऊन भिंतीवरून कौलांवर चढले. रेवणीचे गुडघे वाकले. शिंगरू पेंढ्यावर पडले, आणि लगेच नगाऱ्यावर पहिली टिपरी पडली.

वंशलेखक घोडा दातांत लेखणी धरून दारात आला. "आधी की नंतर?"

"नंतर, मालक," खेचरी म्हणाली. "बघा, अजून ओलं आहे."

"तुझा शब्द कसा धरू?"

"नका धरू. माझा तर जन्मच कुणी लिहिला नाही."

तरीही त्याने 'नंतर' लिहिले आणि आईचा होकार घ्यायचा रिवाज म्हणून तिच्याकडे वळला. "म्हणजे तुझं मागे पडलं तर."

रेवणीची मान ताठ झाली. नाकपुड्या फुलल्या.

"आमच्यात मागे कोणी पडत नाही," ती म्हणाली. "आधी आलं."

खेचरीने डोळे मिटले. वंशलेखकाने एक शब्द खोडला.

मग दूध तोडण्याचा दोर आला. तो माय आणि शिंगरू यांच्या मधोमध ताणला गेला, तेव्हा एक वर्षाचे ते शिंगरू पहिल्यांदा उभे राहू पाहत होते.