कुलूपबंद खोलीची सभा

एक वृद्ध गृहस्थ आपल्या ओटीवर गावातल्या बायकांना लिहावाचायला शिकवीत असत. गाव त्यांना तात्या म्हणे. गिरजा ही त्यांची सर्वांत चिकाटीची शिष्या. शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालकांच्या वतीने तिची निवड झाली, तेव्हा तिच्याहून अधिक समाधान तात्यांना वाटले होते.

एके दिवशी ती संतापून आली.

"तात्या, सातवीच्या विज्ञानाच्या बाईंना तालुक्याच्या शाळेत धाडलंय. विज्ञानाच्या तासाला माझी लेक वर्ग झाडत बसते! मुख्याध्यापक म्हणतात, समितीनंच ठराव केला. मोर्चाच काढते आता."

"ठरावाखाली सह्या कोणाच्या आहेत?" तात्यांनी विचारले.

"माझीसुद्धा आहे," गिरजा म्हणाली. त्या गावची रीतच अशी होती, की समितीची सभा कागदावरच भरे. शिपाई वही घेऊन घरोघर फिरे आणि सभासद उंबऱ्यात उभे राहून सही करीत. कोणाचे हात पिठाचे असत, कोणाची म्हैस धारेसाठी खोळंबलेली असे. सहीच्या वरचा मजकूर मागाहून लिहिला जाई. गिरजेनेही चार महिने अशीच सही केली होती.

"पुढची सभा कधी आहे?"

"नोटिशीत शनिवार लिहिलाय. चार वाजता."

"मग शनिवारी चारला जाऊ."

शनिवारी सभेच्या खोलीला कुलूप होते. तात्या शांतपणे पायरीवर बसले. गिरजाही बसली. शिपाई हसू लागला. "तात्या, इथं कुणी येत नसतं. वही मी घरी आणतो की!"

"आण बाबा. पण सभा इथं आहे ना?"

साडेपाचला तात्या उठले आणि कोणालाही काही न विचारता घरी गेले. संध्याकाळी वही आली तेव्हा गिरजा म्हणाली, "सभा झाली की सही करते." पण मनातून ती चिडली होती. नुसते पायरीवर बसून बाई परत येणार होत्या का?

पुढच्या महिन्यात त्या दोघांशेजारी सातवीतल्या मुलींच्या चार आया येऊन बसल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात पायऱ्या पुरेनात. मुख्याध्यापकांनी किल्ली आणली. अध्यक्ष दौलतराव घाईघाईने टोपी सावरीत आले.

बाईंना धाडण्याचा ठराव वाचला गेला. दौलतराव हसून म्हणाले, "गिरजाबाई, सही तुमचीच ना? की आमच्या शिपायानं केली?"

खोलीत हशा पिकला. गिरजेचा चेहरा उतरला, पण ती उभी राहिली.

"सही माझीच. न वाचता, उंबऱ्यात उभी राहून केली. चूक माझी आहे. म्हणूनच विचारते, ही सभा कुठं भरली होती? त्या दिवशी बोललं कोण?"

हसणे थांबले. मग कोपऱ्यातून एक सभासद म्हणाले, "मीबी तशीच केली." आणखी दोघे उठले. तो ठराव त्याच बैठकीत रद्द झाला, बाईंना परत पाठवावे असे पत्र सर्वांसमक्ष लिहिले गेले, आणि तीन आठवड्यांनी बाई पुन्हा सातवीच्या वर्गात उभ्या राहिल्या.

त्या दिवशी गिरजा तात्यांना म्हणाली, "तुम्ही पहिल्याच दिवशी जाब विचारला असता, तर पोरींचे दोन महिने वाचले असते."

"ते दोन महिने गेले, याचं मलाही वाईट वाटतं," तात्या म्हणाले. "पण मी विचारलं असतं, तर उत्तर मला एकट्याला मिळालं असतं. कदाचित बाईही आल्या असत्या, आणि सभा मात्र उंबऱ्यातच राहिली असती. कुलूप त्यांनी लावलं हे खरं. पण आपण जायचं सोडलं, म्हणून त्यांना ते लावता आलं. आपण जाऊन बसलो तेव्हा ती खोली आपली आहे हे गावाला कळलं. आणि तू आधी स्वतःची चूक सांगितलीस, म्हणून तुझा प्रश्न कोणाला टाळता आला नाही. हे मी तुला शिकवलं नव्हतं."

गिरजेने विचारले, "पुढच्या सभेला तुम्ही याल ना?"

"तू जाणार आहेस ना? मग झालं."

आपल्या गावच्या शाळेची पुढची सभा कोणत्या वारी आहे, एवढे तरी आपण आज विचारून यावे.